गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे?

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातूरला जाणारा रस्ता आमच्या पायाखालचा, किंवा खरे म्हणजे चाकाखालचा आहे. हा रस्ता अजून अरुंद होता तेव्हाची गोष्ट. उसाचा हंगाम होता आणि दिवस मावळत आला होता. लोह्याच्या पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर आमच्यापुढे चालला होता. बराच वेळ त्याच्यामागे रखडल्यावर समोरचा रस्ता मोकळा दिसला, तेव्हा आम्ही फटफटी उजवीकडे काढली व मूठ पिळली. पण गाडी पळेना. ती नुसतीच थरथरली आणि रेंगाळली. आपण तिसऱ्या गिअरमध्ये आहोत अशी आमची पक्की समजूत. प्रत्यक्षात गाडी होती पाचव्यात! इतक्यात समोरून एसटीचे दिवे दिसू लागले आणि आम्हांस मुकाट्याने ट्रॉलीच्या मागे परतावे लागले. अपघात झाला नाही. परंतु ज्या यंत्रावर आपण बसलो आहोत ते या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे बसणाऱ्यास ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली. आजचा विषय त्यातून निघाला आहे.

प्रथम गिअर कशासाठी असतात ते पाहू. लातूरच्या मोंढ्यात पाठीवर पोते घेतलेला हमाल लहान लहान पावले टाकतो. तेच पोते उतरवून मोकळा झाला की तो लांब टांगा टाकीत निघतो. माणूस तोच, त्याचे बळही तेच. फक्त ओझ्याप्रमाणे त्याने पाऊल बदलले. इंजिनचेही असेच आहे. ते फार सावकाश फिरले तर त्यात जोर नसतो व फार वेगाने फिरले तर ते झिजते. म्हणून इंजिनच्या फेऱ्या आणि चाकाच्या फेऱ्या यांचे प्रमाण बदलण्याची सोय करावी लागते. ही सोय म्हणजेच गिअर.

एक साधा हिशेब करू. समजा, मागच्या चाकाचा घेर दोन मीटर आहे व गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, चालली आहे. तर चाक सेकंदाला पाच, म्हणजेच मिनिटाला ३०० फेरे करते. त्याच वेळी इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे करीत असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे पंधरा फेरे पडले. इंजिन ३,००० फेरे करीत असेल, तर दहाच पडले. वेग तोच, पण पहिल्या स्थितीत गाडी मूठ पिळताच उसळी घेईल, तर दुसऱ्या स्थितीत ती तुमचे म्हणणे सावकाश ऐकेल. आमची त्या संध्याकाळची फजिती या पंधरा आणि दहाच्या फरकातली होती.

आता प्रश्न असा की, हे चालवणाऱ्यास कळत कसे नाही? मोटारीत गिअरचा दांडा ज्या खाचेत ठेवावा तेथेच राहतो. हात लावला की उत्तर मिळते. पूर्वीच्या कित्येक मोटारसायकलींनाही टाकीच्या बाजूस असाच हाताचा दांडा असे. आकुर्डीस तयार होणारी व १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक तर आपल्या घराघरांतली. तिच्या डाव्या मुठीवरच आकडे कोरलेले असत. मूठ फिरवावी आणि आकडा वाचावा. गिअर दाखविण्याची याहून सोपी युक्ती आमच्या पाहण्यात नाही. तिला ना तार लागे, ना दिवा.

मोटारसायकलच्या पायाच्या दांडीचे तसे नाही. १९२८ च्या सुमारास इंग्लंडातील व्हेलोसेट कंपनीचे हॅरल्ड विलिस यांनी शर्यतीच्या गाडीसाठी अशी रचना केली की, पायाने दांडी एकदा दाबली वा उचलली की एकच गिअर बदलतो आणि दांडी पुन्हा मूळ जागी येते. ही सोय इतकी चांगली ठरली की पुढे सर्वत्र तीच रूढ झाली. हँडलवरचा हात न काढता गिअर बदलू लागला. परंतु या लाभाबरोबर एक तोटाही पदरी आला. दांडी दर वेळी मूळ जागी येते, त्यामुळे तिच्याकडे पाहून काहीच समजत नाही. दांडी विसरते, आठवण ठेवायची ती चालवणाऱ्याने. म्हणूनच टॉपमध्ये असलेल्या गाडीची दांडी आणखी एकदा उचलून पाहिली नाही असा चालक विरळा!

तथापि गाडीच्या पोटात एक वस्तू आहे, ती विसरत नाही. गिअरपेटीत एक खाचा पाडलेला दंडगोल असतो. मिस्त्री लोक त्यास ड्रम म्हणतात. दांडी दाबली की हा ड्रम एक टप्पा फिरतो, त्याच्या खाचांत अडकलेले काटे सरकतात आणि हवे ते दंतचक्र कामास जुंपले जाते. म्हणजे ड्रम किती फिरला हे कळले की गिअर कळला. न्यूट्रलचा हिरवा दिवा याच तत्त्वावर लागतो. ड्रम न्यूट्रलच्या जागी आला की एक धातूची टोकणी दुसरीस चिकटते व दिव्याची वाट पुरी होते. अशा टोकण्या प्रत्येक गिअरसाठी बसवल्या की पुढे आकडा दिसू लागतो. सुझुकीच्या जीटी ७५० या गाडीवर १९७४ साली असा आकडा आला होता. हल्ली बऱ्याच गाड्यांत अनेक तारांऐवजी एकच तार असते. प्रत्येक गिअरला तिच्यावर विजेचा दाब निराळा पडतो आणि त्यावरून गाडीतील छोटा संगणक आकडा ठरवतो.

दुसरी पद्धत ड्रमकडे पाहतच नाही. ती मघाशी आपण केला तोच हिशेब करते. इंजिनचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचा भागाकार पंधरा आला तर अमुक गिअर, दहा आला तर तमुक. बाहेरून विकत आणून बसवलेली काही यंत्रे अशी असतात. क्लच दाबला की इंजिन व चाक यांचा संबंध तुटतो व भागाकारास अर्थ उरत नाही. म्हणून अशा वेळी तेथे आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ दिसते. ती रेघ पाहून यंत्र बिघडले असे समजू नये.

याचा उपयोग किती? जुने चालक म्हणतात, 'कान आहेत ना? आवाजावरून गिअर ओळखता येत नाही तो चालक कसला!' त्यांचे म्हणणे एके काळी खरे होते. परंतु आजची इंजिने शांत आहेत, गिअर पाच-सहा झाले आहेत आणि डोक्यावर हेल्मेट आहे व ते असलेच पाहिजे. शिवाय ज्याला कमी ऐकू येते त्याने काय करावे? त्यास हा आकडा चैन नसून आधार आहे. शिकाऊ मुलालाही तो असाच उपयोगी. गंजगोलाईच्या गर्दीत गाडी न्यूट्रलमध्ये आहे असे समजून तो क्लच सोडतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असल्याने पुढच्याच्या अंगावर उडी घेते, हा प्रकार नवा नाही. बालाघाटच्या उतारावरही ब्रेकवर सारा भार न टाकता खालच्या गिअरमध्ये गाडी रोखून धरावयाची असते. तेथे आपण कोठे आहोत हे माहीत असलेले बरे.

पण या उपकाराची मर्यादा सांगितल्यावाचून आम्ही थांबणार नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आकडा वाचण्यास मान खाली घातली, तर तेवढा रस्ता न पाहताच ओलांडला असे होते. म्हणून आकडा पाहावयाचा तो ट्रॉलीच्या मागे असताना, बाजूने निघण्यापूर्वी. एकदा उजवीकडे गाडी काढली की नजर रस्त्यावरच हवी. आणि ट्रॉली ओलांडता येईल की नाही हे काही तो आकडा सांगत नाही; तो फक्त आपली तयारी किती आहे ते सांगतो.

आमच्या हल्लीच्या गाडीवर हा आकडा आहे. आम्ही त्याचा उपयोग शिक्षकासारखा करतो. आधी आवाज ऐकून व पायाखालची थरथर ओळखून मनाशी उत्तर ठरवावे आणि मग रस्ता मोकळा असताना आकडा पाहून ते पडताळावे. पहिले काही दिवस आमची उत्तरे वारंवार चुकली. आता क्वचित चुकतात. लोह्याच्या पुढे त्या संध्याकाळी हे ज्ञान असते, तर आम्ही दोन गिअर खाली आणूनच बाहेर निघालो असतो, किंवा निघालोच नसतो. दुसरा निर्णय पुष्कळदा अधिक शहाणपणाचा असतो.