विमानानें घरीं

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाहीं. कऱ्हाडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळांतील, कवलापूरचीही जुनीच. पण तिकीट काढणाऱ्यास त्यांचा उपयोग नाहीं. त्याला कोल्हापूर किंवा पुणें गांठावें लागतें.

ही केवळ सोयीची बाब नव्हे. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक सोनें-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त भारतभर विखुरले आहेत. वडील अत्यवस्थ असल्याची वार्ता गेली, म्हणजे दूरच्या मुलाची शेवटची भेट विमान कोठें उतरतें यावर अवलंबून राहते.

उजळाईवाडी येथील कोल्हापूरचा विमानतळ १९३९ सालीं राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत सुरू झाला. सांगलीहून तो सुमारें ५० किलोमीटर. परंतु येथें विमानें थोडीं. एक चुकलें तर त्याच दिवशीं दुसरें मिळेलच असें नाहीं. पावसाळ्यांत ढग खालीं आले व वैमानिकास धावपट्टी दिसली नाहीं, तर विमान अन्यत्र न्यावें लागतें.

सातारकरांस कोल्हापूर व पुणें जवळजवळ सारखेंच दूर. तथापि लोहगांवीं विमानें पुष्कळ, म्हणून तेंच बरें. मात्र खंबाटकीचा घाट व पुण्याची गर्दी यांना वेळ द्यावा, कारण देशांतर्गत विमानाची नोंदणी बहुधा तासभर आधीं बंद होते. तिकिटावरील नांव ओळखपत्राशीं जुळावें. गलाईचें तेजाब मात्र कोणत्याच सामानांत चालत नाहीं.