तोंडाचा कर्करोग आणि नेमके औषध

मंडळी, तण माजले म्हणून कोणी उभे पीक जाळीत नाही. खुरपून तेवढे तणच काढतात. कर्करोगावर असेच औषध हवे. नेहमीच्या केमोथेरपीत चांगल्या पेशीही होरपळतात.

आपल्या पेशींवर ‘ईजीएफआर’ नावाचे प्रथिन असते. वाढीचा निरोप ते पेशीत पोचवते. तोंडाच्या कर्करोगात बहुधा हे प्रथिन फार वाढते, आणि पेशी वाढतच सुटतात. सेटुक्सिमॅब हे औषध हा निरोप बाहेरून अडवते, एर्लोटिनिबची गोळी आतून. निव्होलुमॅबचे काम निराळे. ते शरीराच्या रक्षक पेशींचा लगाम सोडते.

पण ते फार महाग! म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात एर्लोटिनिब आदी गोळ्यांना निव्होलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शंभरी १६, जोड दिल्यावर ४३.

तरीही खरी वेळ आधीची. तंबाखू, सुपारी सोडा. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गुरुजी, हे मुलांकरवी घरोघर पोचवाल ना?