घरातली अँटेना: टॉवरशिवाय हॅम रेडिओ

घाटावरच्या बुलढाण्यात असो की घाटाखालच्या मलकापुरात, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा, विषय निघाला की पहिली शंका ठरलेली: टॉवर कुठून आणायचा? टॉवर असला तर चांगलंच, पण त्यावाचून अडत नाही. अँटेनाला आधी हवी नेमकी लांबी. १४३ला मेगाहर्ट्‌झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये मिळते. १४.२ मेगाहर्ट्‌झला ती दहा मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तार. फिटिंगमधून उरलेली तांब्याची वायर चालते. प्लास्टिकसकट वापरली तर लांबी किंचित कमी लागते, म्हणून आधी जास्त ठेवून थोडी थोडी कापत जावी.

खोली लहान आहे, तार सरळ बसत नाही, म्हणून बेत सोडू नका. केबल जिथे जोडतो त्या मधल्या भागात प्रवाह सर्वाधिक असतो; तेवढा भाग उंच आणि सरळ ठेवा. टोकं भिंतीवरून खाली वळवली तरी चालतं. प्रक्षेपण चालू असताना टोकांशी व्होल्टेज जास्त असतं, तेव्हा ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

खरा अडथळा छताचा. कौलांखालच्या माळ्यावर अँटेना छान काम करते, पत्र्याखाली नाही. स्लॅबमधल्या सळयाही लहरी अडवतात. तिथे खिडकी गाठावी. १४५ मेगाहर्ट्‌झचा डायपोल जेमतेम ९८ सेंटिमीटरचा, चौकटीत उभा मावतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे घाटाच्या कडेवरच्या घराला मोठा फायदा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना तिथलं प्रक्षेपण सुरू असेल, तर १४५.८ मेगाहर्ट्‌झवर तेही अशा अँटेनावर ऐकू येतं.

अँटेनाकडून रेडिओकडे किती ऊर्जा परत येते, ते एसडब्ल्यूआर मीटर दाखवतो. ‘एसडब्ल्यूआर एक आला, म्हणजे अँटेना उत्तम’ हा समज सगळ्यात फसवा. अँटेनाऐवजी ५० ओमचा डमी लोड, म्हणजे नुसता रोधक, जोडला तरी मीटर एकच दाखवतो, आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते.

खरखर आली की दोष अँटेनाला देतात. रेडिओ बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करून बघा. खरखर थांबली, तर ती घरातल्याच एलईडी दिव्याची किंवा चार्जरची. एकेक उपकरण सुरू करत गेलं की नेमकं सापडतं.

प्रक्षेपणाला मात्र केंद्र सरकारचा परवाना हवाच. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही परीक्षा देता येते. घरातल्या अँटेनावर पाच-दहा वॅटच वापरावेत, कारण घरची माणसं तिच्या अगदी जवळ वावरत असतात.