शुगरबीट : काळ्या रानात जमेल का?

जमेल, पण निचरा हवा. लातूर-नांदेडच्या चिकण काळ्या जमिनीत पाणी साचले की मूळ कुजते. खाली कडक थर लागला तर ते सरळ न जाता फाटे फोडते आणि उपटताना फाट्यांत ढेकळे अडकून येतात. म्हणून खोल नांगरट करून वरंब्यावर टोकण करावी. क्षारपड रानात हे पीक बऱ्यापैकी तग धरते. उगवणीचे दिवस मात्र नाजूक.

ऊस 12 ते 18 महिने रान अडवतो, बीट 5 ते 6 महिन्यांत निघते. त्यामुळे पाणी बरेच कमी लागते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. काढणीआधी 2-3 आठवडे पाणी तोडावे.

घोळ होतो तो युरियात. उशिरा दिलेल्या नत्राने पाला माजतो, साखरेचा उतारा घटतो. बोरॉन कमी पडले तर गाभा काळा पडून सडतो.

उसाच्या चरकात बीट चालत नाही. चकत्या करून गरम पाण्यात साखर काढावी लागते आणि बॉयलरला बगॅसही मिळत नाही. तेव्हा कारखान्याचा लेखी खरेदी करार हाती आल्याशिवाय बियाणे घेऊ नका.