सर्फ संगीत : गूढ व पौर्वात्य छटा

सर्फ संगीत हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या सुमारास उदयास आलेला रॉक संगीताचा एक प्रकार. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत जाण्याच्या सर्फिंग या खेळाशी तो निगडित असून त्याच्या गायनप्रधान व वाद्यप्रधान अशा दोन शाखा मानल्या जातात. पहिलीत ‘बीच बॉइज’सारख्या वृंदांची ऊन, वाळू व तारुण्य यांचे गुणगान करणारी गाणी येतात. दुसरीत शब्द जवळजवळ नसतातच. विद्युत् गिटार हे तिचे मुख्य वाद्य होय. या वाद्यप्रधान शाखेतील अनेक रचना गंभीर, गडद व काहीशा भयसूचक असून त्यांतील स्वर पश्चिम यूरोपच्या रूढ सप्तकांबाहेरचे वाटतात. हा परकेपणा काही अंशी खऱ्या वारशातून, तर काही अंशी निव्वळ कल्पनेतून आला. या दोहोंतील भेद लक्षात घेतल्याशिवाय या संगीताचे स्वरूप नीट कळत नाही.

वारसा : वाद्यप्रधान सर्फ संगीताचा प्रवर्तक म्हणून डिक डेल (मूळ नाव रिचर्ड माँसूर, ४ मे १९३७–१६ मार्च २०१९) याचा उल्लेख केला जातो. त्याचा जन्म बॉस्टनचा. त्याचे पितृकुल लेबानी होते. त्याचे चुलते ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवीत आणि दरबुका या चर्मवाद्याची लयही त्याने घरातच आत्मसात केली. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आल्यावर बॅल्बोआ येथील ‘राँदेव्हू बॉलरूम’ या नृत्यगृहात १९६१ मध्ये त्याच्या वादनास हजारो तरुण जमू लागले. १९६२ मध्ये त्याची ‘मिझर्लू’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. एकाच तारेवर संपूर्ण रचना वाजविण्याच्या आव्हानातून आपल्याला चुलत्यांच्या वादनातील या सुरावटीची आठवण झाली, असे त्याने सांगितले आहे. तारेवर नखीचे वरखाली अतिवेगवान आघात करून त्याने ही मूळची संथ सुरावट कमालीची द्रुत केली. दरबुकाच्या लयीचा संस्कार त्या आघातांत ओळखू येतो.

ही सुरावट पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातील लोकसंगीतातून आलेली आहे. ‘मिसिर्लू’ या नावाचा अर्थ ‘मिसरची (ईजिप्तची) स्त्री’ असा असून तो तुर्की शब्दावरून ग्रीक भाषेत रूढ झाला. ग्रीक गायक टेटॉस दिमित्रिआदिस याने १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे ते गीत मुद्रित केले. १९४१ मध्ये निकलस रूबानिस या ग्रीक-अमेरिकन संगीतज्ञाने त्याची जॅझ वळणाची वाद्यरचना स्वतःच्या नावे प्रसिद्ध केली. परिणामी अनेक लोकांच्या ओठांवर घडलेले हे गीत कागदोपत्री एका व्यक्तीचे ठरले आणि अमेरिकन श्रोत्यांना त्याचा उगम अपरिचित राहिला.

स्वररचना : ‘मिझर्लू’चे स्वर अरबी-तुर्की परंपरेतील हिजाझकार या मकामाशी जुळतात. कोमल ऋषभ व कोमल धैवत आणि उरलेले स्वर शुद्ध, अशी त्याची मांडणी असल्याने स्वरसंचाच्या दृष्टीने तो हिंदुस्थानी संगीतातील भैरव थाटासारखा आहे. कोमल ऋषभ व शुद्ध गंधार यांमधील, तसेच कोमल धैवत व शुद्ध निषाद यांमधील दीड स्वराचे अंतर हे त्याचे लक्षण होय. डेलने १९६३ मध्ये मुद्रित केलेल्या ‘हावा नागिला’ या ज्यू गीतात कोमल निषादाचा स्वरसंच आढळतो. त्याचे साम्य बसंतमुखारी रागाशी आहे. साम्य केवळ स्वरांपुरते आहे. चलन, न्यासस्वर आणि आंदोलन यांमुळे रागाला येणारे व्यक्तिमत्त्व येथे नाही. तथापि यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतीय श्रोत्याला ज्या स्वरांत प्रातःकाळचे गांभीर्य व भक्तिभाव जाणवतो, त्याच स्वरांत कॅलिफोर्नियातील तरुणाला संकट, वेग आणि दूरदेशीचे गूढ ऐकू आले. परकेपणा हा स्वरांचा अंगभूत गुण नसून ऐकणाऱ्याच्या सवयीचा भाग असतो.

उदाला पडदे नसल्याने वादक स्वर किंचित चढवू-उतरवू शकतो. गिटारवर मात्र पडद्यांमुळे स्वरस्थाने निश्चित असतात. मींड व सूक्ष्म स्वरांची ही उणीव डेलने आघातांच्या अखंड धारेने भरून काढली.

ध्वनी : या शाखेची गडद छटा यंत्रांवरही अवलंबून होती. कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९६१ मध्ये अनुरणनाचे स्वतंत्र उपकरण बाजारात आणले. त्यात गिटारचा विद्युत् संकेत धातूच्या स्प्रिंगांमधून कंपनरूपाने पाठविला जातो. ही कंपने स्प्रिंगांच्या टोकांवरून पुन्हापुन्हा परावर्तित होत असल्याने मूळ ध्वनीमागे रेंगाळणारा निनाद निर्माण होतो. वादक या निनादाला ‘ओला’ ध्वनी म्हणतात. गुहेत किंवा पाण्याखाली वाद्य वाजत असल्याचा भास त्यामुळे होतो.

समुद्राचे भय : सर्फिंग हा केवळ विलासाचा खेळ नव्हे; त्यात जिवाला धोका असतो. सँटा ॲना येथील ‘शँटेज’ या शाळकरी मुलांच्या वृंदाची ‘पाइपलाइन’ ही मायनर सप्तकातील रचना १९६३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियता-सूचीत चौथ्या स्थानी पोहोचली. तिचे नाव हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील उथळ प्रवाळखडकावर नळीच्या आकारात फुटणाऱ्या घातक लाटांवरून दिलेले आहे. त्याच वर्षी सिडनीच्या ‘अटलांटिक्स’ वृंदाची ‘बोंबोरा’ ही रचना गाजली. पाण्याखालील खडक व त्यावर उसळणाऱ्या लाटा असा ऑस्ट्रेलियात या शब्दाचा अर्थ आहे. या वृंदातील दोन्ही गिटारवादक ग्रीक वंशाचे होते.

कल्पित पूर्व : सर्वच वृंदांना डेलसारखा घरचा वारसा नव्हता. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘एक्झॉटिका’ नावाचे संगीत लोकप्रिय झाले होते. लेस बॅक्स्टरची ‘क्वायट व्हिलेज’ ही रचना मार्टिन डेनी याने पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल घालून सादर केली व ती १९५९ मध्ये गाजली. त्यातील बेटे नकाशावर नव्हती. ती शहरी श्रोत्यांच्या मनोराज्यात होती. हीच वृत्ती सर्फ संगीतातही उतरली. ‘बेल-एअर्स’ वृंदाच्या ‘मिस्टर मोटो’ (१९६१) या रचनेचे नाव कादंबऱ्या-चित्रपटांतील जपानी गुप्तहेराचे, पण तिचे वळण स्पॅनिश आहे. अशा रचना कल्पक आहेत; तथापि नावातील देश व संगीतातील देश यांचा मेळ त्यांत क्वचितच आढळतो.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९६४ मध्ये ब्रिटिश वृंदांची लाट अमेरिकेत आली आणि वाद्यप्रधान सर्फ संगीताची लोकप्रियता ओसरली. १९९४ मध्ये ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या प्रारंभी डेलची ‘मिझर्लू’ योजिली गेल्यामुळे नव्या पिढीचे लक्ष तिच्याकडे वेधले. ‘सीक्रेट चीफ्स थ्री’ या वृंदाने ‘बुक एम’ (२००१) या संग्रहात इराणी व अरबी स्वररचनांचा सर्फ गिटारशी संयोग साधला. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या समारोपात ‘मिसिर्लू’ गायिले गेले. ग्रीक श्रोत्यांच्या दृष्टीने त्यात परके असे काहीच नव्हते. ते त्यांचे घरचेच गाणे होते.