जुनेराचा हिशेब

घरात बारसं ठरलं की दोन गोष्टी हमखास घडतात. कुणीतरी दुकानात जाऊन तयार बाळंतविड्याची किंमत विचारून येतं. आणि कुणीतरी कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेली आजीची सुती साडी काढून खिडकीच्या उजेडात धरतं. कापड विरलं असेल तिथे उजेड जाळीसारखा झिरपतो. निऱ्यांचा खालचा भाग, कमरेशी खोचला जाणारा काठ, खांद्यावर पिन टोचली जाणारी जागा, हे भाग बहुधा आधी जातात. बाकीची साडी पुष्कळदा धडधाकट असते. चिमटीत धरून हलकासा हिसका द्यावा. कापड टर्रकन फाटलं नाही तर ते शिवायच्या कामाचं आहे.

जुनं कापड म्हणजे टाकाऊ आणि बाळाला काय ते नवंच द्यावं, हा शिवणातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. नव्या सुती कापडाला खळ असते, त्यामुळे ते हाताला कडक लागतं आणि पाणीही चटकन शोषत नाही. शंभर धुण्यांतून गेलेल्या साडीची खळ केव्हाच निघून गेलेली असते. धागा मऊ पडलेला असतो, आटायचं तेवढं कापड आटून झालेलं असतं. लंगोट आणि दुपट्यांसाठी आज्या जुनेरच काढून ठेवायच्या. त्यामागे काटकसर होतीच, पण कापडाची पारखही होती.

आता हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४४ इंच रुंद. ३६ इंच चौरसाचं दुहेरी दुपटं करायला ७२ इंच लांबी लागते. दोन दुपटी झाली की १४४ इंच संपले. तान्ह्या बाळाच्या झबल्याला, बाह्या अंगातच धरून, २८ बाय २० इंचांचा एक तुकडा मधोमध दुमडला की पुरतो. ४४ इंचांच्या रुंदीत असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, तेव्हा ५६ इंचांत चार झबली. एकूण २०० इंच. उरलेले १६ इंच आणि दुपट्यांच्या कडेची लांब पट्टी बंदांना आणि गळ्याच्या गोटाला उपयोगी पडते. विरलेला भाग मधेच आला तर एखादं झबलं कमी होईल, इतकंच. खर्च एका दोऱ्याच्या रिळाचा.

म्हणून ‘घरी शिवलेलं नेहमीच स्वस्त’ असंही समजू नये. दुकानातून मीटरवर नवं कापड आणून मुलीचा साधा फ्रॉक शिवला, तर तो तयार फ्रॉकपेक्षा महाग पडू शकतो. कारखान्यात कापड ताग्यांनी येतं, एकावर एक थर रचून डझनावारी तुकडे एकाच वेळी कापले जातात. घरातल्या कात्रीला त्याची बरोबरी करता येणार नाही. घरचं शिवण वाचवतं ते दोन ठिकाणी. एक, जिथे कापड आधीच घरात आहे: साड्या, चादरी, धोतरं, कटपीस. दुसरं, जिथे कापडापेक्षा शिलाईच जास्त पडते: परकर, उशांचे अभ्रे, पडदे, साडीला फॉल. नवशिक्या हातांनी आधी अभ्रे करावेत. चार सरळ शिलाया असतात, आणि चुकलं तरी उसवून पुन्हा मारता येतात.

ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांची चळत बहुतेक मराठी घरांत असतेच. भेटीच्या पिशव्या, बटवे, देवघराचं आसन, चष्म्याची घरं असं पुष्कळ काही त्यांतून होतं. फक्त बाळाच्या अंगासाठी ती निवडताना हाताच्या स्पर्शावर भरवसा ठेवू नये. मऊ लागलं म्हणजे सुती, असं नसतं. कडेचे दोन धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे बोटाने चुरडली जाणारी राखाडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. मिश्र कापडात राखही दिसते आणि मणीही. मणी सापडला की त्या कापडाची पिशवी करावी, झबलं नको.

नवं सुती कापड घ्यावंच लागलं, तर ते आणल्या दिवशी कापायला घेऊ नये. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत कापड ताणलेलं असतं; पाण्यात पडल्यावर तो ताण सुटतो आणि कापड मूळ मापाकडे जातं. आटतं ते मुख्यतः लांबीत. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर गेले तरी मोठ्यांच्या कुर्त्याला ते जाणवतात, आणि लहान मुलाची विजार तर घोट्याच्या वर चढते. कापड आधीच आटवून देण्याची यांत्रिक पद्धत अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी शोधली. ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. घरी एक रात्र पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, किंचित दमट असताना इस्त्री फिरवली की तेच काम होतं. यात कंटाळा करण्याजोगं काही नाही, आणि वाया गेलेल्या कापडाचं दुःख मात्र फार असतं.

‘मशीन नाही, मग कसं शिवणार?’ हा प्रश्न तर कितीजणींचे हात अडवून बसला आहे. शिवणयंत्र ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. एलायस हाऊ यांचं पेटंट १८४६चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१चं. त्याआधीचे राजेरजवाड्यांचे अंगरखे हातानेच शिवलेले होते. हाताची मजबूत शिलाई अशी: सुई पुढे काढायची, एक टाका मागे टोचायची, पुन्हा दोन टाक्यांएवढी पुढे काढायची. वरून ती मशीनच्या टिपेसारखी दिसते, आणि एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही. साधा धावदोरा ताण नसलेल्या जागी चालतो; काखेत आणि विजारीच्या जोडावर हीच उलटी शिलाई हवी. झबल्यासारखी छोटी वस्तू एका दुपारीत हाताने शिवून होते.

यंत्राचं मोल यामुळे कमी होत नाही. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला आवर्जून अपवाद मानलं होतं. घरात जुनं पायमशीन धूळ खात पडलं असेल तर ते भंगारात घालण्याआधी सुई बदलून पाहावी. टाके सुटणं, दोरा तुटणं, कापड चुण्या घेणं, अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा बोथट किंवा उलट्या बसवलेल्या सुईत असतं. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ती खाच यायला हवी. मलमलीला ११ नंबर, पॉपलीनला १४, जाड चादरीला १६. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढं करून पाहायला काहीच हरकत नाही.

एका गैरसमजाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न पैशांचा नाही. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून देण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी नकोत, असं अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं स्पष्ट सांगणं आहे. अशा वस्तूंनी श्वास कोंडण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा तिथल्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२२ मध्ये दिला. बाळाला झोपवायचं पाठीवरच. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून जागेपणी, डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवावं आणि मानेची दिशा बदलत राहावी. उशीच शिवायची असेल तर ती आईसाठी शिवावी: अंगावर पाजताना कोपराखाली घ्यायला, घट्ट भरलेली, धुता येईल अशा अभ्र्याची. त्याच कारणाने टोपड्याला लांब बंद नकोत, आणि झबल्याला मणी, मोती, टिकल्या तर नकोतच. बाळ ते तोंडात घालतं.

उरलेल्या चिंध्यांचं काय? गोधडीत गाठोडंभर चिंध्या सहज जिरतात. ती जाड असते म्हणून उबदार असते, असं वाटतं. खरं तर थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. म्हणून एका जाड कापडापेक्षा चार विरळ साड्यांचे थर जास्त गरम. कडेपासून सुरुवात करून धावदोरा आत आत नेत मध्यावर आणतात. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालून घ्यावेत.

अशी चिंध्यांची वस्तू भेट म्हणून देणं कमीपणाचं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावाकडे पाहावं. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या पँटी, शर्ट, पिठाच्या पोत्यांचं कापड जोडून गोधड्या शिवल्या, थंडीत पोरांना पांघरायला. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांचं. त्यांच्यातल्या अनेकांचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आणले गेले होते, आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द सहज ऐकू येतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. कडेपासून एकेक तुकडा लावत त्या मध्याकडे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ शिवतात. ऊब त्या फुलांनी वाढत नाही आणि शिवणही मजबूत होत नाही. पण फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते, म्हणून कापड कितीही थोडं उरलं असलं तरी चार फुलांपुरतं बाजूला काढून ठेवलेलं असतं.