फाईल शाबूत, पत्ता लांब

नव्या हार्ड डिस्कवर फोल्डर कॉपी करताना मध्येच एक चौकट उघडते : ‘डेस्टिनेशन पाथ टू लाँग’. खाली ‘स्किप’ आणि ‘कॅन्सल’ अशी बटणं. घाई असते, म्हणून बहुतेक जण स्किप दाबून मोकळे होतात. ती फाईल मात्र नव्या जागी जातच नाही आणि नंतर तसं कोणी सांगायलाही येत नाही. फाईल बिघडलेली नसते, तिच्यात व्हायरसही नसतो. तिचा पत्ता तेवढा लांबलेला असतो.

पाथ म्हणजे हा पत्ता. विंडोजमध्ये तो ड्राईव्हच्या अक्षरापासून सुरू होतो, मग एकात एक बसलेली फोल्डरं, मधे उलट्या तिरक्या रेघा आणि शेवटी फाईलचं नाव. हे सगळं मिळून २६० चिन्हांत बसावं, असा जुना नियम आहे. त्यातलं एक चिन्ह ‘पत्ता संपला’ हे सांगणारं, डोळ्यांना न दिसणारं. म्हणजे आपल्या वाट्याला २५९. एक्सेल आणखी कंजूष, तिथे २१८ च. त्यामुळे खजिनदाराची जमाखर्चाची फाईल सगळ्यांच्या आधी रुसते.

मर्यादा आहे, तर मग एवढा लांब पाथ तयार होतोच कसा? वरच्या फोल्डरचं नाव बदलताना विंडोज आत डोकावून बघत नाही, म्हणून. ‘अंक’चं ‘अंक अंतिम तपासलेला नवीन’ केलं, की आतल्या प्रत्येक फाईलचा पत्ता तेवढाच वाढतो. झिप उघडली, की तिच्या नावाचं फोल्डर आणि आत पुन्हा त्याच नावाचं दुसरं. कॉलेजच्या खात्यावरचं वनड्राईव्ह तर सुरुवातीलाच युजरचं नाव आणि संस्थेचं नाव घालून जागा अडवतं. आपल्यासारख्या कॉलेजांची नावं संतापासून सुरू होऊन ‘ऑफ आर्ट्स, सायन्स अँड कॉमर्स’पर्यंत जातात, हे सांगायला नकोच.

यात मराठीत नावं देणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. आपण अक्षरं मोजतो. मशीन युनिकोडची चिन्हं मोजतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचं एक. ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ आपल्या डोळ्यांना नऊ अक्षरं. मशीनला मधल्या जागेसह १९ चिन्हं. ‘ख्रिस्तपुराण’ पाच अक्षरांचं, पण मोजणीत १२. (फादर स्टीफन्सचं ते पुराण १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. जोडाक्षरं आणि यंत्र यांचं भांडण तसं जुनंच.) उबंटूवर हिशोब आणखी बदलतो. तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे एका फाईलच्या नावात देवनागरीची फार तर ८५ चिन्हं. लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि विभाग असं सगळं फाईलच्या नावात घातलं, की घरच्या विंडोजवर चाललेली फाईल लॅबमधल्या उबंटूवर उतरतच नाही.

आमच्या मंडळाचा जुना संगणक भंगारात जाणार होता, म्हणून त्यावरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं. दोन्हीकडची फाईलसंख्या जुळेना. अकरा फाईली कमी. शोधल्यावर कळलं, की त्या सगळ्या मुलाखतींच्या फोल्डरात सर्वांत खोल होत्या. त्यातली एक मराठी शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंची, त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केलेली. बाई आता नाहीत. तेव्हा संगणक अजून टेबलावरच होता, म्हणून आवाज वाचला.

अशा वेळी आधी फाईलचं नाव छाटू नका. त्यातूनच तर ती कोणाची, कधीची, हे कळतं. वरून सुरुवात करा. अडलेलं फोल्डर कट करून त्याच ड्राईव्हच्या मुळाशी पेस्ट करा, म्हणजे थेट ‘डी’मध्ये, कशाच्याही आत नाही. ड्राईव्ह तोच असल्यामुळे फक्त पत्ता बदलतो, काम क्षणात होतं. वरच्या फोल्डरांची नावं ‘सामं’, ‘अंक’, ‘मुला’ इतकी लहान केली तरी बहुतेक वेळा भागतं.

फोल्डर जागचं हलवायचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमधली ‘सबस्ट’ ही आज्ञा वापरा. ती खोलातल्या फोल्डरला तात्पुरतं ड्राईव्हचं अक्षर देते, समजा ‘एक्स’, आणि पत्ता तिथूनच मोजला जातो. संगणक पुन्हा सुरू केला, की ते अक्षर जातं. फाईली जिथल्या तिथेच. खूप फाईली कॉपी करायच्या असतील तर विंडोजमधलीच ‘रोबोकॉपी’ लांब पाथला अडत नाही. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर ‘सेव्हन-झिप’चा फाईल मॅनेजर मोफत आहे, एक्सप्लोरर जी फाईल पुसू किंवा हलवू देत नाही, ती तिथून सहसा हलते.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून लांब पाथ चालू करायची एक सेटिंगही आहे. कोणी तुम्हाला हाच रामबाण उपाय म्हणून सांगेल. पण ज्या प्रोग्रॅमने स्वतः तयारी दाखवली आहे त्यालाच ती लागू होते, आणि आपण रोज वापरतो तो फाईल एक्सप्लोररच त्यात बसत नाही. माझ्या मते आपल्या कामासाठी तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

कॉपी संपली, की जुन्या आणि नव्या दोन्ही फोल्डरांवर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘कंटेन्स’समोरचे आकडे ताडून पाहा. ते जुळेपर्यंत जुन्यातलं काही पुसू नका.